बर्निंग स्पिअर ध्वनिमुद्रण सूची : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

मामांच्या संग्रहातील खोकी आज उघडली. मामा १९७४ ते १९८२ या काळात लंडनमध्ये नोकरीस होते आणि परतताना त्यांच्या सामानात कपडे कमी व तबकड्या जास्त होत्या, असे आमच्या घरी आजही सांगितले जाते. या संग्रहापैकी जमैकाचे ज्येष्ठ रेगे गायक, रास्ताफारी या तिथल्या धर्मपंथाचे विन्स्टन रॉडनी, म्हणजेच बर्निंग स्पिअर, यांच्या १७ एलपी, ११ सिंगल (एकेका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या तबकड्या) आणि मामांनी पुढे जमवलेल्या काही सीडी एवढाच भाग आधी हाती घ्यायचा, त्याचे संगणकीय रूपांतर करायचे आणि तपशीलवार सूची तयार करायची, असे ठरले आहे.

सूचीसाठी नवा तक्ता आखलेला नाही. नाट्यसंगीताच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी तीन वर्षांपूर्वी केलेला तक्ता हाताशी आहे. त्यात गायक, गीत, नाटक, राग, ताल, साथ, कंपनी, तबकडी क्रमांक आणि वर्ष असे रकाने आहेत. नाटक आणि राग हे रकाने रिकामे राहतील, बाकीचे जसेच्या तसे चालतील, असा आजचा अंदाज आहे.

११ जानेवारी

दिवसभर धुणे. लाखेच्या जुन्या तबकडीला अल्कोहोल लागले की ती खराब होते, व्हिनाइलला मात्र शुद्ध पाण्यात मिसळलेले थोडे आयसोप्रोपिल चालते. ही सवय हाताला लागायला दोन तबकड्या गेल्या. जमैकात छापलेल्या सिंगलना मधोमध मोठे भोक असते, त्यामुळे टर्नटेबलच्या खुंटीवर बसवण्यासाठी प्लास्टिकची चकती मागवावी लागली. रूपांतर ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट या प्रमाणाने होईल.

१६ जानेवारी

पहिल्याच रकान्यात अडलो. गायकाच्या जागी ‘बर्निंग स्पिअर’ लिहायचे, पण हे नाव नेमके कोणाचे?

हे नाव केनियाचे नेते जोमो केन्याटा यांच्या बिरुदावरून घेतलेले आहे. रॉडनी यांनी १९६९ मध्ये रूपर्ट विलिंग्टन यांच्या साथीने गायला सुरुवात केली तेव्हा ते दोघांचे नाव होते. पुढे डेलरॉय हाइंड्स आले आणि ते तिघांचे झाले. ‘मार्कस गार्वी’ हा १९७५ चा अल्बम या तिघांचा आहे. १९७६ नंतर बाकीचे दोघे बाजूला झाले आणि तेच नाव एकट्या रॉडनी यांचे होऊन बसले. म्हणजे वेष्टनावर तेच दोन शब्द छापलेले असले तरी काही तबकड्यांत रॉडनी यांच्या मागे स्वर धरणारे दोघे त्या नावाचे हिस्सेदार आहेत, आणि काहींत मागचा स्वर हा केवळ साथीचा आहे. सूचीत हा फरक दिसलाच पाहिजे, कारण विलिंग्टन आणि हाइंड्स यांची नावे एरवी सहज पुसली जातात. ‘गायक’ हा रकाना मोडून ‘छापील नाव’ आणि ‘प्रत्यक्ष गाणारे’ असे दोन केले.

तक्त्यातील ही पहिली दुरुस्ती. शेवटची नसावी, असे आता वाटू लागले आहे.

२४ जानेवारी

स्टुडिओ वनच्या काळातील ध्वनिमुद्रणे घेतली. रॉडनी सेंट ॲन परगण्यातील सेंट ॲन्स बे या किनाऱ्यावरील गावचे, जन्म १९४५ चा. त्याच परगण्याच्या डोंगरात नाइन माइल हे जगप्रसिद्ध रेगे गायक बॉब मार्ली यांचे गाव आहे. गाण्याचे ध्वनिमुद्रण करायचे तर कोणाकडे जावे, असे रॉडनी यांनी मार्ली यांना विचारले तेव्हा मार्ली गाढवावर रोपे आणि शेतीची अवजारे लादून आपल्या शेताकडे निघाले होते, आणि त्यांनी किंग्स्टनच्या ब्रेंटफर्ड रोडवरील क्लेमेंट ‘कॉक्सन’ डॉड यांच्या ‘स्टुडिओ वन’चे नाव सांगितले, ही हकीकत रॉडनी यांनी मुलाखतींतून सांगितलेली आहे. ‘डोअर पीप’ हे पहिले सिंगल तिथूनच आले. त्या काळातील गाणी पुढे १९७३ आणि १९७४ च्या दोन अल्बममध्ये संकलित झाली.

‘डोअर पीप’ आज सलग पाच वेळा ऐकले. त्या सुमाराचे जमैकाचे इतर संगीत नाचण्यासाठी केलेले आहे, हे ऐकताच कळते. याची चाल मात्र कोणाच्या पायांची वाट पाहत नाही. मोजकी वाद्ये, खालच्या स्वरात फिरणारा बास आणि त्यावर जप चालल्यासारखा आवाज. शब्द थोडे आहेत आणि ते पुन्हा पुन्हा येतात, पण प्रत्येक खेपेस स्वर किंचित वेगळ्या जागी सोडलेला असतो. वयाच्या चोविसाव्या वर्षी माणूस असा वृद्धासारखा कसा गातो, याचे मला नवल वाटते.

तक्त्याबाबत : ‘ताल’ या रकान्यात प्रत्येक ओळीला ‘चार मात्रा’ लिहिण्यात अर्थ नाही. या संगीतात ज्याने गाणे ओळखले जाते तो ‘रिडिम’, म्हणजे बास आणि ड्रम यांनी मिळून बांधलेली आकृती. तीच आकृती कायम ठेवून तिच्यावर दुसरे गाणे, दुसरा गायक किंवा नुसती वाद्ये येऊ शकतात. ‘ठेका’ म्हणावे तर त्यात बासची सुरावट येत नाही, ‘चाल’ म्हणावे तर ती गळ्याची होते, आणि ‘बंदिश’ म्हणावे तर शब्दही सोबत येतात. तिन्ही शब्द खोडून ‘रिडिम’च ठेवला.

२ फेब्रुवारी

‘मार्कस गार्वी’. या एका तबकडीसाठी आठवडा राखून ठेवला होता आणि तो पुरलेला नाही.

मार्कस गार्वी यांचा जन्मही सेंट ॲन्स बे येथलाच, १७ ऑगस्ट १८८७ चा. आफ्रिकी वंशाच्या लोकांनी जगभर एक होऊन आपले उद्योग, आपली जहाजे आणि आपला अभिमान उभा करावा, असे सांगणारी संघटना त्यांनी १९१४ मध्ये स्थापन केली. १९४० मध्ये ते लंडनमध्ये वारले, १९६४ मध्ये त्यांचे अवशेष जमैकात आणून त्यांना राष्ट्रवीराचा मान देण्यात आला. रास्ताफारी लोक गार्वी यांना प्रेषिताच्या जागी मानतात आणि इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांना ईश्वरी रूप मानतात. स्वतः गार्वी यांनी मात्र सेलासींवर उघड टीका केली होती. इतिहासात न जुळणाऱ्या या दोन गोष्टी रास्ताफारी श्रद्धेत आणि रॉडनी यांच्या गाण्यात शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांत कुठे ओढाताण जाणवत नाही.

१९७५ मध्ये रॉडनी यांची गाठ ओचो रिओस येथे ध्वनिक्षेपणाचा फिरता संच चालवणाऱ्या लॉरेन्स लिंडो, म्हणजेच जॅक रूबी, यांच्याशी पडली. ‘मार्कस गार्वी’ हे गाणे प्रथम रूबी यांच्या त्या संचावर वाजवण्यापुरतेच केले होते. लोकांनी इतके उचलून धरले की त्याचे सिंगल काढावे लागले. पाठोपाठ ‘स्लेव्हरी डेज’ आले आणि मग सबंध अल्बम. ध्वनिमुद्रण किंग्स्टनच्या रँडीज स्टुडिओतले. वादकांची यादी डोळ्यांत भरणारी आहे : ड्रमवर लेरॉय ‘हॉर्समाउथ’ वॉलेस, बासवर रॉबी शेक्सपिअर आणि ॲस्टन ‘फॅमिली मॅन’ बॅरेट, गिटारवर अर्ल ‘चिना’ स्मिथ आणि टोनी चिन, कळफलकावर टायरोन डाउनी, ट्रम्पेटवर बॉबी एलिस, ट्रॉम्बोनवर व्हिन गॉर्डन. या सर्वांना मिळून ‘ब्लॅक डिसायपल्स’ असे नाव दिलेले आहे. ‘साथ’ हा माझ्या तक्त्यातील रकाना हार्मोनियम, तबला आणि सारंगीपुरता आखलेला होता. तो रुंद केला.

अडचण इथून पुढे आहे. मामांकडील एलपी ब्रिटनमध्ये आयलंड कंपनीने काढलेली आहे. परदेशी, मुख्यतः रॉक ऐकणाऱ्या गोऱ्या श्रोत्यांना रुचावे म्हणून तिचे ध्वनिमिश्रण नव्याने करण्यात आले होते आणि रॉडनी त्यावर नाराज होते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. खोक्यात ‘मार्कस गार्वी’चे जमैकात छापलेले सिंगलही निघाले. त्यावर ओरखडे आहेत, लेबलावरची शाई एका बाजूला ओघळली आहे, भोकही पूर्ण मध्यावर नसल्यामुळे पिन किंचित हेलकावते. तरीही दोन्ही लागोपाठ ऐकले की फरक कानात शिरतो. सिंगलमध्ये बास आणि ड्रम पुढे उभे आहेत आणि गायक त्यांच्या मधून वाट काढत येतो. एलपीवर सगळे गुळगुळीत होऊन आपापल्या ठिकाणी बसले आहे. ती एलपी सुंदर आहे, तिनेच हे नाव जगभर नेले, आणि मीही हे गाणे आयुष्यभर तिच्यावरूनच ऐकत आलो. मग सूचीत ‘मूळ प्रत’ असा रकाना वाढवला तर त्यात कोणती लिहायची? आधीची की गाजलेली?

रकाना आज कोरा सोडला आहे.

६ फेब्रुवारी

प्रश्न अधिकच वाढला. १९७६ मध्ये याच अल्बमची डब आवृत्ती ‘गार्वीज घोस्ट’ या नावाने निघाली. डबमध्ये ध्वनिमिश्रण करणारा माणूसच वादक होतो : तो गायकाचा आवाज काढून टाकतो, एखादा शब्द प्रतिध्वनीत सोडून देतो, गिटार क्षणभर आणून पुन्हा बुडवतो, आणि बास व ड्रम उघडे पाडतो. दहाच्या दहा गाणी त्याच क्रमाने आहेत, पण नावे बदलली आहेत. ‘मार्कस गार्वी’चे ‘द घोस्ट’ झाले, ‘स्लेव्हरी डेज’चे ‘आय अँड आय सर्व्हाइव्ह’, ‘ट्रॅडिशन’चे ‘टू थाउजंड इयर्स’, ‘जॉर्डन रिव्हर’चे ‘ड्रेड रिव्हर’. नावानुसार लावलेल्या सूचीत ही भावंडे एकमेकांपासून कितीतरी पाने दूर जातील.

याच वर्षीच्या ‘मॅन इन द हिल्स’वर ‘डोअर पीप’ पुन्हा गायलेले आहे. म्हणजे एकाच गाण्याच्या दोन गायक्या, त्यांमध्ये सात वर्षे आणि दोन स्टुडिओ. अवांतर : गार्वीच्या सावलीमुळे या अल्बमकडे लोकांचे कमी लक्ष जाते. डोंगरातले जगणे, शाळा सुटल्यावरची मुले, शेजारधर्म एवढ्या साध्या गोष्टींवर गायलेली ही गाणी मला तरी थोरल्या भावंडाहून उणी वाटत नाहीत.

१३ फेब्रुवारी

माझ्या हातून झालेली चूक इथे सविस्तर लिहून ठेवणे आवश्यक आहे.

गेल्या पंधरवड्यात केलेली चार एलपींची रूपांतरे आज चांगल्या हेडफोनवर तपासायला बसलो आणि ‘स्लेव्हरी डेज’ ऐकताना काही तरी नाहीसे झाल्याचे जाणवले. आवाज स्वच्छ होता, शब्द स्पष्ट होते, गाण्याखालची जमीन मात्र गेली होती. तासभर जोडण्या उलगडल्यावर कारण सापडले. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या कामात यंत्राची घरघर काढण्यासाठी ८० हर्ट्झच्या खालचा ध्वनी कापणारी गाळणी मी संगणकात कायमची लावून ठेवली होती. त्या तबकड्यांवर त्या पट्ट्याखाली घरघरीशिवाय फारसे काही नसते, त्यामुळे तिथे ती योग्यच होती. पण बास गिटारची सर्वांत जाड तार सुटी वाजवली की तिचा पाया ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. याचा अर्थ, शेक्सपिअर आणि बॅरेट यांनी जे वाजवले त्याचा तळ मी घरघर समजून केरात टाकला होता.

गेल्या आठवड्यात त्या एलपीच्या ध्वनिमिश्रणावर मोठ्या अधिकाराने लिहिणाऱ्या मी त्याच आठवड्यात त्याहून मोठी कापाकापी केलेली होती, आणि तीही नकळत. चारही एलपी पुन्हा घ्याव्या लागतील. तक्त्यात ‘रूपांतर करताना वापरलेल्या गाळण्या’ असा रकाना वाढवला. तो रिकामा असणे हेच चांगले लक्षण समजावे.

२२ फेब्रुवारी

चारही पुन्हा घेऊन झाल्या. तळ परत आला.

आज १९७७ च्या मैफिलीची एलपी. ऑक्टोबरमध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात झालेल्या या कार्यक्रमात साथीला लंडनमधील ॲस्वाद हा तरुण संघ होता आणि जमैकाहून बॉबी एलिस ट्रम्पेट घेऊन आले होते. वेष्टनावर गाण्यांची नावे पाहून थबकलो : रंगमंचावर शब्दांसह गायलेल्या ‘मार्कस गार्वी’ला इथे ‘द घोस्ट’ आणि ‘स्लेव्हरी डेज’ला ‘आय अँड आय सर्व्हाइव्ह’ म्हटले आहे. डब ही गाण्याची सावली, असे धरून चाललो होतो. इथे सावलीचे नाव माणसाला लागले आहे.

मामांनी या कार्यक्रमाला आपण गेलो होतो असे कधी सांगितले नाही. खोक्यात तिकीटही नाही.

२७ फेब्रुवारी

१९७८ चा अल्बम जमैकात ‘मार्कस चिल्ड्रन’ या नावाने निघाला आणि ब्रिटनमध्ये ‘सोशल लिव्हिंग’ या नावाने. एकच ध्वनिमुद्रण, दोन नावे. त्याची डब आवृत्ती ‘लिव्हिंग डब’चा पहिला भाग, आणि १९८० च्या ‘हेल एच.आय.एम.’ची डब आवृत्ती दुसरा भाग. मिश्रण सिल्व्हन मॉरिस यांचे. पुढे सीडीवर येताना या डब आवृत्त्यांचे मिश्रण नव्याने केले गेले, त्यामुळे एलपी आणि सीडीचे वेष्टन सारखे असले तरी आत वेगळे काम आहे. एलपी विकून सीडी ठेवणाऱ्यांनी काय गमावले, हे त्यांना बहुधा कळलेलेही नसेल.

आता ‘मूळ प्रत’ हा रकाना पूर्णपणे काढून टाकला. त्याऐवजी ‘कूळ’ असा रकाना केला. ‘मार्कस गार्वी’ हे एक कूळ. त्यात जमैकाचे सिंगल, त्याच्या मागच्या बाजूची आवृत्ती, ब्रिटिश एलपी, ‘द घोस्ट’ आणि रेनबोमधील मैफल हे सगळे सदस्य. प्रत्येकापुढे वर्ष, जागा, वादक आणि मिश्रण करणारा. एका बंदिशीच्या वेगवेगळ्या बैठकींतील गायनांपैकी मूळ कोणते, असे आपण विचारत नाही, कोणाची आणि कधीची बैठक एवढेच विचारतो. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हरकत नव्हती.

या कुळात बाहेरचेही सदस्य येतात. आयरिश गायिका शिनेड ओ’कॉनर यांच्या २००५ च्या अल्बमचे नावच रॉडनी यांच्या ‘थ्रो डाउन युवर आर्म्स’ या गाण्यावरून आहे, आणि त्यात ‘मार्कस गार्वी’ही आहे. त्या अल्बममागे स्लाय डनबार आणि रॉबी शेक्सपिअर ही जोडी होती, म्हणजे तीस वर्षांनी शेक्सपिअर त्याच कुळात परतले. तो अल्बम संग्रहात नाही. कुळाखाली फक्त उल्लेख केला.

१ मार्च

आज रॉडनी यांचा वाढदिवस. काम थोडे बाजूला ठेवून टिपणांची भाषा तपासली.

रास्ताफारी बोलीत ‘आय अँड आय’ हा प्रयोग सतत येतो. तो ‘मी’ आहे, ‘आम्ही’ आहे, आणि बोलणाऱ्याच्या आत असलेला देवही आहे. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ मराठीत आहे म्हणून ते वापरून पाहिले. पण ‘आपण’मध्ये प्रत्येकाचा ‘मी’ विरघळतो, तर या प्रयोगात तो दोन वेळा ठामपणे उच्चारलेला असतो. गुलाम म्हणून ज्यांना केवळ कर्म म्हणून वागवले गेले, त्यांच्या वंशजांनी वाक्यातला कर्ता होण्याचा धरलेला हा आग्रह आहे. भाषांतर न करता टीप दिली.

‘सोशल लिव्हिंग’मधील ‘मार्कस से जाह नो डेड’ (जाह म्हणजे रास्ताफारींचा देव) या गाण्याच्या टिपेत एवढे लिहिले : ऑगस्ट १९७५ मध्ये सेलासींच्या मृत्यूची बातमी आली, ती अनेक रास्ताफारींनी मानली नाही, आणि हे गाणे त्या नकारातून आलेले आहे. १९७८ च्या ‘रॉकर्स’ या चित्रपटात रॉडनी रात्री समुद्राकाठी बसून तेच गाणे कोणत्याही वाद्याशिवाय गातात. चित्रपटातील नायक म्हणजे ‘मार्कस गार्वी’वर ड्रम वाजवणारे हॉर्समाउथ वॉलेस, आणि ते शेजारी बसून ऐकत असतात. इतके दिवस बास वाचवण्यात घालवल्यावर हे बासविरहित गाणे ऐकले आणि जाणवले की ठेका त्यांच्या श्वासातच होता. दोन ओळींमधली शांतता ते मोजून सोडतात.

११ मार्च

१९८० च्या दशकातील आणि पुढील अल्बम भराभर झाले. ‘हेल एच.आय.एम.’ मार्ली यांच्या टफ गाँग स्टुडिओत बॅरेट यांच्या सहकार्याने केलेला आहे आणि त्याबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. त्यानंतर ‘फारओव्हर’, ‘फिटेस्ट ऑफ द फिटेस्ट’, ‘रेझिस्टन्स’ हे अल्बम आले; ब्रास वाद्यांचा ताफा मोठा झाला, ध्वनी उजळला. ‘मिस्ट्रेस म्युझिक’ मला पूर्वीही जमला नाही आणि आताही जमला नाही. नोंद पूर्ण केली, मत तक्त्याबाहेर ठेवले.

१९ मार्च

‘कंपनी’ हा शेवटचा जुना रकाना. खाली उतरत जाताना तो सबंध वाचला आणि त्यातच या माणसाचे चरित्र आहे, असे वाटले. डॉड यांचा स्टुडिओ वन, मग रूबी यांचे लेबल, मग आयलंड, मध्येच स्वतः काढलेले स्पिअर हे छोटे लेबल, मग ब्रिटिश आणि अमेरिकी कंपन्यांची रांग. १९९९ च्या ‘कॉलिंग रास्ताफारी’ला पुढच्या वर्षी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्यानंतर मात्र पत्नी सोनिया रॉडनी यांच्यासह चालवलेल्या बर्निंग म्युझिक या स्वतःच्या कंपनीतून अल्बम येऊ लागले. २००८ चा ‘जाह इज रिअल’ तिथलाच, आणि त्यालाही ग्रॅमी मिळाले. त्यावरील गाण्यांतही कलावंताची लूट करणाऱ्या संगीतव्यवसायाबद्दलचा राग आहे. पुढचा नवा अल्बम, ‘नो डिस्ट्रॉयर’, थेट २०२३ मध्ये आला, तोही स्वतःच्याच नावावर.

म्हणून ‘कंपनी’ रकान्याशेजारी ‘अंतिम मिश्रण कोणाच्या निर्णयाने’ असा एक रकाना जोडला. प्रत्येक ओळीत तो भरता येईल असे नाही. जिथे खात्री आहे तिथेच भरायचा.

२३ मार्च

२८ तबकड्या आणि सर्व सीडींच्या नोंदी झाल्या. जुन्या तक्त्यातील गीत, तबकडी क्रमांक आणि वर्ष हे तीनच रकाने आहेत तसे उरले आहेत.

फायलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून मामांना नेऊन दिली. त्यांनी एलपीवरचे ‘मार्कस गार्वी’ लावायला सांगितले. जमैकाच्या सिंगलमध्ये बास अधिक चांगला ऐकू येतो असे मी सुचवून पाहिले. त्यांनी ऐकून घेतले आणि पुन्हा एलपीच लावायला सांगितली. कुळाच्या नोंदीत दोन्ही एकाच पातळीवर आहेत. सिंगलच्या भोकाची चकती त्यांच्याकडेच विसरलो आहे, ती पुढच्या रविवारी आणायची.